लढाई वाढवा

त्या वर्षी डबक्यात पाणी कमी आणि दोराला मागणी जास्त, असं सगळं उलटंच होऊन बसलं. पाणी नाही म्हणजे अंबाडीच्या काड्या कुजत नाहीत, काड्या कुजल्या नाहीत म्हणजे साल सुटत नाही, आणि सालच सुटली नाही तर दोर काय डोक्यावरच्या केसांचा वळायचा? पण फौजेला दोर हवेच होते. तंबूला दोर, खेचरांना दोर, चिखलात रुतलेल्या तोफा ओढायला दोर. लढाई इतकी वर्षं चालली होती की ती कुणाशी लागली आणि कशावरून लागली, हे सांगताना गावातले शहाणेसुद्धा अडखळत. दोर मात्र लागत होते.

दोरवाल्यांच्या घरात कामाला दोन बायका आणि एक लंगडा, एवढीच माणसं उरली होती. थोरली जाऊ, धाकटी जाऊ आणि धाकटीचा मुलगा भोवरा. थोरलीचा नवरा लढाई लागायच्या आधीच तापानं गेला. धाकटीचा नवरा दोरांची भेंडोळी गाडीत घालून बाजार फिरायचा. आला तर आला, नाहीतर महिना महिना पत्ता नाही. थोरलीचा एकुलता एक मुलगा, घरातले सगळे त्याला दादा म्हणत, तो लढाईवर होता. तो आणि भोवरा एकाच दिवशी, एकाच गाडीत बसून गेले होते. परत आला तो एकटा भोवरा, गुडघ्यात लोखंडाचा तुकडा घेऊन. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून त्याला भोवरा म्हणायचे. आता दहा पावलं टाकायची तर काठी लागे, पण नाव तेच राहिलं. गाव असल्या गोष्टी बदलायच्या भानगडीत पडत नाही.

तो आला त्या दिवशी थोरली रडली होती, आणि खोटं नव्हे, अगदी आनंदानं रडली होती. त्याला पोटाशी धरून तिनं विचारलं, "आणि दादा रे?"

"बरा आहे, मोठी आई. मी निघालो तेव्हा बरा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी अंगणात पोराला पुढ्यात घेऊन बसली, त्याच्या डोक्यावर तेल थापलं आणि चोळायला लागली. थोरली चूल फुंकत होती. तिच्या पोटात जे दुखायला लागलं, ते तेव्हापासून लागलंच.

कशाकशाचा हेवा वाटावा माणसाला? दुधावरची साय भोवऱ्याच्या वाटीत पडली की हिच्या पोटात दुखे. त्याचा घामट सदरा दोरीवर वाळत पडला की दुखे. सकाळी त्याची काठी फरशीवर टकटक करत मोरीकडे गेली की ही अंथरुणात दात आवळून पडून राही. एवढंच काय, धाकटी त्याच्यावर खेकसली तरी हिला हेवा वाटे. खेकसायला तरी पोर समोर लागतं ना! थोरलीचं पोर इतकं लांब होतं की ती त्याच्यावर साधी रागावूही शकत नव्हती. रागावायला जायची आणि घाबरायची.

त्यात या घराची बोलण्याची रीत कडक. दोरवाल्याच्या घरात दोर तुटला असं कुणी म्हणत नसे. दोर वाढला म्हणायचं. गिऱ्हाईक दारात उभं असताना आतून 'तुटला' असं ऐकू आलं तर माल कोण घेणार? बाकी घरांतही दिवा विझवत नसत, वाढवत. दुकान बंद करत नसत, वाढवत. पण दादा गेल्यापासून थोरलीनं त्याचा फारच जाच मांडला होता. पीठ वाढलं. मीठ वाढलं. मडकं वाढलं. संपलं, फुटलं, मेलं, गेलं, बुडालं हे शब्द उंबऱ्याच्या आत आणायचे नाहीत. आपण इकडे तोंडातून काढलं आणि तिकडे पोराला लागलं तर?

एका सकाळी तीन पदरी दोराचा पहिला पदर वळणं चाललं होतं. थोरली चाक फिरवत होती. धाकटी कमरेला वाखाचा, म्हणजे सोललेल्या सालीच्या तंतूंचा, झुपका बांधून, बोटांतून धागा सोडत, उलट्या पावलांनी मागे मागे जात होती. हे चालणं पूर्वी दादाचं काम. वाख नीट कुजला नव्हता, राठ होता, धाकटीच्या बोटांची सालटी निघाली होती. अंगणाच्या टोकाला ती पोचली आणि फट्‌कन आवाज झाला.

"मेलं हे! तुटला!" धाकटी ओरडली.

थोरली चाक सोडून तरातरा गेली. "काय म्हणालीस?"

"वाढला. वाढला म्हणायचं होतं, जाऊबाई. एकदम तोंडातून..."

"तुझ्या तोंडाला काय जातंय? तुझं पोर त्या कोपऱ्यात बसून साली सोलतंय. ज्याचं तिकडे आहे त्यानं बोलायचं जपून, होय ना?"

कोपऱ्यातून भोवरा म्हणाला, "मोठी आई, जाऊ दे ना. दोरच आहे तो."

"तू गप्प बस," थोरली म्हणाली. तो 'मोठी आई' म्हणाला की तिला आणखीच झोंबायचं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तशी ती दुपारपर्यंत धुमसत राहिली. धाकटीनं मात्र त्या दिवसापासून तोंडाला जणू गाठच मारली. स्वतःशी पुटपुटतानाही ती 'वाढलं' म्हणायला लागली.

त्याच आठवड्यात मीठ आणायला थोरली दुकानात गेली, तर दुकानदार गल्ल्यावर वाकून हळूच म्हणाला, "ऐकलंत का? परवा फौजेचा साहेब येतोय. माझ्याच ओट्यावर सभा आहे."

"आता काय नेणार? भिंती?"

"लंगडे." दुकानदारानं इकडेतिकडे पाहिलं. "जे परत आलेत ना, त्यांना पुन्हा न्यायचं म्हणे. बंदूक नाही, नुसत्या गाड्या हाकायच्या, रसद पोचवायची. पण हुकूम नाही हं. गावानं खुशीनं द्यायचे. गावोगाव साहेब विचारतोय, लोक हो म्हणतायत. नाही कोण म्हणणार? तुमचा भोवरा, लोहाराचा पोरगा, आणि तो एक डोळ्याचा."

गाड्या हाकणारेच आधी मरतात, हे थोरलीला ठाऊक होतं. भोवऱ्याचा गुडघा गाडीवरच फुटला होता. आणि तरी, मिठाची पुडी हातात घेताना तिच्या छातीत काहीतरी टुणकन उडालं. बरं झालं, असं ते होतं. आता कळेल तिला. आता दोघी सारख्या.

घरी येईपर्यंत तिच्या कपाळाला घाम सुटला. आपणच असं मनात आणलं? ती मोरीत जाऊन तोंड धूत राहिली, पण तोंड धुऊन आतलं जातंय थोडंच.

बातमी धाकटीला कळायला वेळ लागला नाही. दिवेलागणीला ती थोरलीसमोर येऊन बसली. वाख विंचरायची फणी हातात होती, पण हात हलत नव्हता.

"जाऊबाई, सभेत तुम्ही बोला."

"मी? काय बोलू?"

"की पुरे झालं. लंगड्यांनाही नेऊ नका आणि धडधाकटांनाही तिकडे ठेवू नका. तुमचा मुलगा अजून तिकडे आहे, तुम्हाला कुणी भित्रट म्हणणार नाही. माझं कोण ऐकेल? म्हणतील, हिला आपल्या पोराची पडलीय."

"मग नाही का पडलेली?"

धाकटी खाली बघायला लागली. "पडलीय. पण दादाचीही पडलीय."

"माझा हात दगडाखाली आहे, कळतंय का तुला? मी इथे तोंड उघडलं तर तिकडे त्याला पुढच्या रांगेत नेऊन उभा करतील. तुझा आलाय ना घरी? तुला भ्यायचं काय कारण? तूच बोल की." आणि मग, बोलू नये ते ती बोललीच, "साय खाताना नाही आठवत दादा!"

धाकटी उठून गेली. त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही.

सभेच्या दिवशी ऊन असं की ओट्याची फरशी पायाला चटके देत होती. गाव झाडाच्या सावलीत दाटीवाटीनं बसलं. साहेब खुर्चीत, मागे दोन शिपाई, आणि एक माणूस कर्णा हातात धरून उभा. साहेब वाईट दिसत नव्हता. घरी दोन मुली असाव्यात असा दिसत होता. त्यानं सगळं नीट सांगितलं. शत्रू थकलाय, आणखी थोडा नेट लावायचाय, गावोगावचे लोक स्वतःहून पुढे येतायत.

"जबरदस्ती नाही," तो म्हणाला. "तुमचं मत ऐकायला आलोय. बोला. साध्या माणसानं बोलावं. ज्यांना बोलायचंय त्यांनी उभं राहावं."

कोण उभं राहतंय! लोहार आपल्या नखांकडे बघत होता. दुकानदार वजनं पुसत होता, पुसलेलीच पुन्हा पुसत होता. आणि बायकांच्या घोळक्यातून धाकटी उभी राहिली.

थोरलीनं तिला घरात कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. तिच्या घोट्यांवर डबक्याचा चिखल वाळला होता. दोन्ही हात तिनं एकमेकांत घट्ट गुंफले होते.

"साहेब," ती म्हणाली, "माझा एक परत आला. आमच्या जाऊबाईंचा अजून तिकडेच आहे. गावात घरटी कुणी ना कुणी आहे. आम्ही पुष्कळ दिलं. आता तुम्ही मनावर घ्या, साहेब, आणि ही लढाई वाढवा."

गावाला काय ते कळलं होतं. दिवा वाढवा, दुकान वाढवा, तशी लढाई वाढवा. आता पुरे, आवरा. थोरलीला तर वाटलं, केवढं धाडस केलं या बाईनं! आणि तेवढ्यात साहेब टाळ्या वाजवत उठला.

"वा! वा, बाई! ऐकलंत?" त्याचा चेहरा फुलला होता. "स्वतःचा मुलगा जखमी होऊन आला, आणि ही माऊली काय म्हणते? लढाई वाढवा! या, पुढे या. खुर्ची द्या यांना."

शिपायांनी टाळ्या वाजवल्या. साहेबाच्या घरीही रात्री दिवा वाढवतच असतील; पण माणसाला जे हवं असतं तेच त्याला ऐकू येतं. धाकटीला हाताला धरून खुर्चीत बसवलं गेलं. तिचं तोंड उघडं पडलं होतं. "नाही, साहेब, मी... तसं नव्हे..." ती काहीतरी म्हणत होती, पण कर्ण्यातून साहेबाचा आवाज त्यावर पडला. या बाईंना मी गावोगाव नेणार. यांचा मुलगा सगळ्यात पहिला गाडीवर चढेल. या गावानं वाट दाखवली.

आता थोरलीचं सांगायचं तर, पहिल्यांदा तिला खुर्चीचाच हेवा वाटला. माणूस किती खाली जातो बघा. मुलगा हिचा लढाईवर, आणि मानाची खुर्ची तिला! मग तिच्या लक्षात आलं की ती खुर्ची नव्हे, सापळा आहे. आणि मग जे लक्षात आलं ते सगळ्यात वाईट होतं: आपण काहीच करायला नको. नुसतं बसून राहायचं. भोवरा जाईल, काठी थांबेल, सकाळी अंगणात कुणी कुणाच्या डोक्याला तेल लावणार नाही. दोघी सारख्या. आणि दादाला धक्का लागणार नाही, कारण दादाची आई तोंडच उघडणार नाही.

भोवरा पुरुषांत बसला होता. तो उठायची धडपड करत होता आणि गुडघा वाकत नव्हता. शेजारच्यानं बगलेत हात घालून त्याला उभं केलं. तो आईकडे बघत नव्हता, थोरलीकडे बघत होता.

थोरली उभी राहिली.

"साहेब, ती बंद करा म्हणाली."

"काय?"

"वाढवा म्हणजे बंद करा. आमच्या घरात वाईट शब्द बोलायची बंदी आहे. ती मीच घातलीय. म्हणून ती वाढवा म्हणाली. तिला म्हणायचं होतं," आणि इथे तिची जीभ टाळूला चिकटली. मुलगा गेल्यापासून हा शब्द तिनं पिठाला लावला नव्हता, तेलाला लावला नव्हता. "तिला म्हणायचं होतं, संपवा."

साहेबाचं हसू हळूहळू आटलं. त्यानं दुकानदाराकडे पाहिलं. "काय हो, इथे वाढवा म्हणजे असं असतं?"

"मला काय कळतंय, साहेब? मी मीठ विकणारा माणूस," दुकानदार म्हणाला. मग घसा साफ करून त्यानं दाराची पहिली फळी उचलली. "तुमचं झालं असेल तर मी जरा दुकान वाढवतो."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबाचे कान लाल झाले.

"तू कोण?" त्यानं थोरलीला विचारलं. आता अहो-जाहो संपलं होतं.

"तिची थोरली जाऊ."

"तुझा मुलगा तिकडे जिवाची बाजी लावून लढतोय आणि तू इथे त्याचे पाय ओढतेस? पुतण्याला नेतील म्हणून हे रडगाणं?"

"नाही, साहेब. पुतण्याला नेणार हे ऐकून मला बरं वाटलं."

अख्खं गाव तिच्याकडे बघायला लागलं. धाकटी खुर्चीत ताठ झाली.

"खोटं कशाला बोलू? गोड वाटलं. या हातांनी मी त्याला आंघोळी घातल्यात. तो परत आला तेव्हा मी रडले. आणि आता तो जेवायला बसला की मला वाटतं, माझा उपाशी असेल, मग हा का जेवतोय? त्याची काठी वाजते ना, ती ऐकून मला वाटतं, ही एकदाची थांबावी. मी अशी नव्हते, साहेब. गावाला विचारा. भांडखोर होते, कंजूष होते, जिभेची तिखट होते, पण अशी नव्हते. तिकडे तुम्ही कुणाला मारता ते मला दिसत नाही. माझ्या पोटात काय मेलं, ते मला दिसतंय. ही लढाई आणखी चालली तर आम्ही आया एकमेकींच्या पोरांच्या मरणाची वाट बघत बसू. म्हणून संपवा. माझा असेल तर पाठवा, नसेल तर तसं सांगा. पण संपवा ही लढाई."

लोहार आपल्या जागेवर उभा राहिला. बोलला काही नाही, नुसता उभा राहिला. मग त्या एका डोळ्याच्या पोराची आई उठली, मग आणखी दोघी. साहेबानं कर्णा खाली ठेवायला सांगितलं.

"मुलाचं नाव काय?" त्यानं थोरलीला विचारलं. "कुठल्या तुकडीत आहे?"

तिनं दोन्ही सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, सगळ्या गावाला ठाऊक होतं. साहेबानं मागच्या शिपायाला म्हटलं, "लक्षात ठेव," आणि तो ओट्यावरून उतरला. त्या दिवशी गावातून कुणाला नेलं नाही. खुशीनं कुणी दिलंच नव्हतं.

दोघी घरी आल्या. थोरली आत जाऊन भिंतीला टेकून बसली. धाकटीनं पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला आणि स्वतःही तिथेच खाली बसली.

"मला माहीत होतं," धाकटी म्हणाली.

"काय?"

"तुमच्या पोटातलं. एका घरात राहतो आपण." ती फरशीवर बोटानं रेघा ओढत होती. "तेल मी घरातही लावू शकले असते. मुद्दाम अंगणात बसायचे. तुम्ही बघाल अशा जागी. माझा आला, हे कुणाला तरी दिसायला हवं होतं ना."

थोरलीचा हात उठला होता. खरंच उठला होता. पण त्यात जोर नव्हता, तो तसाच मांडीवर पडला.

"आणखी एक सांगते," धाकटी म्हणाली, "तुमच्या जागी मी असते ना, जाऊबाई, तर मी गप्प बसले असते."

"आता माझ्या दादाचं काय होईल गं?"

काही होणार नाही, असं कुणीही म्हणालं असतं. धाकटी म्हणाली नाही. तिनं तांब्या उचलून थोरलीच्या हातात दिला, आणि थोरली घटाघटा पाणी प्यायली.

बाहेरून हाक आली. "मोठी आई!"

थोरलीनं तांब्या खाली ठेवला.

"मोठी आई, ये ना जरा! एकट्यानं पीळ बसत नाही."

"सगळ्या गावासमोर बोलले मी त्याच्याबद्दल," थोरली म्हणाली. "कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

थोरली उठली. भोवऱ्यानं अंगणात आकड्याला धागा अडकवला होता आणि वाखाचा झुपका स्वतःच्या कमरेला बांधला होता. काठी भिंतीला उभी होती. "आज मी चालतो," तो म्हणाला. "आईच्या बोटांना जखमा झाल्यात."

"पडशील मेल्या," ती म्हणाली, आणि मेल्या हा शब्द तोंडातून गेल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. तिनं चाक धरलं. तो एक पाय टेकवत, दुसरा ओढत, उलट्या पावलांनी मागे जायला लागला. तोंड तिच्याकडे होतं. धागा लांबत गेला तसा तो लहान दिसायला लागला, आणि अंगण निम्मंही सरलं नव्हतं तेवढ्यात थोरलीनं चाक थांबवलं.

"बस, बस! तिथेच थांब," ती ओरडली. "तिथून लांब जाऊ नकोस!"

"अगं, एवढा आखूड दोर कोण घेईल?"

"कुणी नाही घेतला तर घरात राहील," थोरली म्हणाली.